सोसायटी ग्रुप: वसंतराव नक्की गायक की नट?

सी-२०४ ताई: टीव्हीवर ‘अष्टविनायक’ लागलाय. ‘दाटून कंठ येतो’ बघून लेक विचारतेय, हे वडील झालेले नट कोण? म्हटलं, अगं हे वसंतराव देशपांडे, मोठे शास्त्रीय गायक. तिला पटतच नाहीये.

ए-१०२: गायकच ते. १९७९ साली एका सिनेमात काम केलं म्हणून नट कसे होतील?

बी-३०१ काका: एकाच कसं? भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये (१९३५) कृष्ण झाले होते ते, पोरवयात. आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक कुठे ठेवलंत?

ए-१०२: ‘कट्यार’ गाण्यांमुळे चाललं, काका.

बी-३०१ काका: संगीत अभिषेकीबुवांचं, नाटक दारव्हेकर मास्तरांचं, सगळं मान्य. पण ‘घेई छंद मकरंद’ आठवा. नाटकात दोन प्रतिस्पर्धी गवई, पंडितजी आणि खाँसाहेब; खाँसाहेब झाले होते वसंतराव. शब्द तेच, चाली दोन. पंडितजींची संथ, खाँसाहेबांची चपळ, तानांनी भरलेली. वसंतरावांच्या त्या तानेत खाँसाहेबांची जिद्द ऐकू येते, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मागे राहिल्याची आग ऐकू येते. वाक्य न बोलता माणूस उभा करतात. ह्याला अभिनय नाही तर काय म्हणायचं? नाटक आलं १९६७ साली, म्हणजे वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे. तोवरची कितीतरी वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्सची नोकरी. नाव खऱ्या अर्थाने घरोघरी पोचलं ते खाँसाहेबांमुळे.

डी-५०३ वहिनी: मला त्यात एक गोष्ट फार भावते. वसंतराव गायकीच्या एका घराण्याचे नव्हतेच. नागपूरला सप्रे गुरुजी, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. शिवाय दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा ठसा. आणि भूमिका कोणाची केली, तर घराण्याचा अभिमान नसानसांत भिनलेल्या गवयाची! इतक्या ठिकाणचं घेतलेलं असल्यामुळेच तो माणूस त्यांना आतून कळला असणार, असं मला वाटतं.

सी-२०४ ताई: तबलाही वाजवायचे ना?

बी-३०१ काका: उत्तम. लयीवरचा तो ताबा तिथूनच आलेला. आणि भावगीत हवं असेल तर ‘गुळाचा गणपती’तलं ‘ही कुणी छेडिली तार’ ऐका, हाच आवाज किती हळुवार होतो ते कळेल.

ए-१०२: बरं, ‘घेई छंद’ आत्ता पुन्हा ऐकलं. काका, तुमचं म्हणणं पटलं. पण मग त्यांचे नातू राहुल देशपांडे? ते गायक की नट?

डी-५०३ वहिनी: दोन्ही. २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा खाँसाहेब तेच. २०१५ च्या ‘कट्यार’ सिनेमात खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, गळा मात्र राहुलचा. वसंतरावांवरच्या ‘मी वसंतराव’ सिनेमात तर आजोबांची भूमिका, गाणं आणि संगीत तिन्ही त्यांचंच. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सी-२०४ ताई: थांबा, ‘अष्टविनायक’चा हिरोही सचिनच! म्हणजे वसंतरावांचे पडद्यावरचे जावईच पुढे खाँसाहेब झाले?

बी-३०१ काका: अगदी बरोबर!

सेक्रेटरी: गणेशोत्सवात एक संध्याकाळ वसंतरावांच्या गाण्यांची ठेवूया का? काका, तुम्ही बोलाल?

बी-३०१ काका: बोलतो. पण माझं बोलणं थोडं आणि गाणी जास्त ठेवा. ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली एकापाठोपाठ लावायच्या, आधी पंडितजींची.

सी-२०४ ताई: साउंड सिस्टिमचं मी बघते.