फाटकावर थांबलेला वेळ ट्रकचालकाचे काम मानावा का?

कळंबोलीकर :
ट्रकचालकाने सलग किती तास गाडी चालवावी, याविषयी आपल्याकडे बरेच बोलले जाते. तो किती तास ताटकळतो, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कारखान्याच्या, गोदामाच्या किंवा बंदराच्या फाटकावर माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक तास कायद्याने कामाचाच मानला पाहिजे, असे माझे मत आहे.

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि लांब पल्ल्यासाठी मंजुरी घेऊन ती १० व ५४ तासांपर्यंत वाढवण्याची मुभा दिली. परंतु ‘कामाचे तास’ म्हणजे काय हे सांगताना त्याने गाडी धावत असतानाचे काम आणि त्याला जोडून येणारी कामे धरली, आणि टर्मिनलवरची नुसती हजेरी मात्र पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच धरली. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्थानकावर चहा घेणारा एसटीचा चालक डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले गेले असावे. न्हावा शेवा बंदराकडे तोंड करून रांगेत उभ्या असलेल्या कंटेनरच्या चालकाला तोच नियम लावला की विपरीत घडते. रांग थोड्या थोड्या वेळाने चार हात पुढे सरकत असल्यामुळे त्याला झोपता येत नाही, गाडी सोडून जाताही येत नाही, आणि हिशेबात मात्र तो रिकामा बसलेला असतो. रात्री दोनला माल भरून झाला की त्याच अंगाने त्याला घाट चढायचा असतो.

तीन_गाड्या :
चालक थकतो हे मला कोणी समजावून सांगायला नको. मी स्वतः नऊ वर्षे गाडी चालवून मग मालक झालो आहे. पण हा खर्च तुम्ही कोणाच्या माथी मारत आहात, ते पाहा. गेल्या वर्षी माझी एक गाडी एका कारखान्याच्या दारात दोन दिवस उभी होती. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या भरपाईचे, पैसे मागितले, तेव्हा पुढचे भाडे मिळणार नाही असे ट्रान्सपोर्टरने तोंडावर सांगितले. ते तास कामाचे धरले, तर दुप्पट दराने जादा वेतन मी द्यायचे आणि ज्याने गाडी अडकवून ठेवली तो मोकळा राहणार.

शिवाय ज्या कायद्याचा आपण हवाला देता, तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. माझ्याकडे तीन चालक आहेत, आणि क्लीनर ठेवणे परवडेना म्हणून केव्हाच बंद केले. त्या कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने कामगारसंख्येची ही अट दहावर नेली. म्हणजे दोन-तीन गाड्यांचे आमच्यासारखे मालक अधिकच बाहेर गेले. व्याख्या कितीही सुधारली, तरी ती लागू कोणाला होणार?

कलमकसाई :
दोघांच्याही मांडणीत थोडी दुरुस्ती करतो. १९६१ च्या कायद्यातील व्याख्येची सुरुवात, कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या अन्य व्यक्तीच्या स्वाधीन असतो तो काळ, अशा व्यापक शब्दांनी होते. पंधरा मिनिटांचा उल्लेख त्यानंतर येतो. त्यामुळे रांगेत सरकणारा चालक स्वाधीनच आहे, असा युक्तिवाद त्या शब्दांवरही उभा राहू शकला असता. त्याच कायद्याने विश्रांती धरून दिवसाच्या कामाचा एकूण पसारा सर्वसाधारणपणे १२ तासांवर जाऊ नये आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तासांची सुट्टी मिळावी, असेही सांगितले होते. उणीव शब्दांची कमी आणि तपासणीची अधिक होती. आणि तीन_गाड्या यांना एवढेच सांगतो की वेतन संहितेला कामगारसंख्येची अट नाही. किमान वेतन तीन चालकांच्या मालकालाही चुकत नाही.

मात्र सगळा ताटकळण्याचा काळ सरसकट काम मानावा, हे मला पटत नाही. युरोपीय संघात गाडीतील टॅकोग्राफवर, म्हणजे चालकाच्या वेळेची नोंद ठेवणाऱ्या यंत्रावर, चालवणे, इतर काम, उपलब्धता आणि विश्रांती अशा चार नोंदी वेगवेगळ्या होतात. किती थांबावे लागेल हे आधी माहीत असेल, तर तो काळ ‘उपलब्धता’ ठरतो. तो कामाच्या तासांत धरत नाहीत आणि रोजच्या विश्रांतीतही धरत नाहीत. आपल्याकडे काम आणि विश्रांती यांखेरीज असा तिसरा रकाना हवा. आपल्या गाड्यांवरील जीपीएसला चाक फिरते की नाही एवढेच कळते.

चाकावरचे_घर :
माझ्या वडिलांनी सव्वीस वर्षे लांब पल्ल्याचा ट्रक चालवला, आणि आपल्या या चर्चेला त्यांनीच सर्वांत आधी विरोध केला असता. त्यांना पगार महिन्याचा नव्हता, ट्रिपचा होता. तास मोजले की महिन्याच्या ट्रिपा कमी होणार आणि घरी येणारे पैसेही कमी होणार, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. ट्रिपची पद्धत तशीच ठेवून तासांना लगाम घातला, तर चालकच खोटी नोंद करील. त्याला दोष देता येणार नाही.

कलमकसाई तपासणीविषयी बोलतात, पण जिथे नियम स्पष्ट होता तिथे काय झाले? राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक असलेच पाहिजेत आणि दुसऱ्याला आडवे होण्यापुरती जागा हवी, असा नियम होता. वडिलांबरोबर दुसरा चालक मी लहानपणी कधी पाहिला नाही, आणि २०१८ मध्ये ती सक्तीच काढून टाकण्यात आली. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन आले, हे चांगलेच झाले. जुन्या गाड्यांवरचे चालक मात्र दुपारी गाडीखालीच चटई टाकणार.

कळंबोलीकर :
ट्रिपच्या पगाराचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, हे कबूल करतो. महिन्याचा निश्चित पगार आधी आणि तासांची मर्यादा नंतर, हा क्रम मला मान्य आहे. तिसऱ्या रकान्यालाही माझी हरकत नाही, फक्त त्या रकान्याचे पैसे माल पाठवणाऱ्याने किंवा उतरवून घेणाऱ्याने द्यावेत. गाडी फाटकावर पोहोचल्याची आणि सुटल्याची वेळ बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, नोंदवणे बंधनकारक केले, तर तीन_गाड्या यांच्यावर भार पडणार नाही आणि चालकाची रात्रही हिशेबात येईल.

तीन_गाड्या :
पैसे माल पाठवणारा देणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो. पण पोहोचल्याची वेळ लिहिणार कोण? फाटकावरचा रखवालदार गाडी आत घेतल्यावरच वही उघडतो. माझी गाडी दोन दिवस बाहेर उभी होती, तेव्हाही त्या कारखान्याच्या वहीप्रमाणे ती सकाळी आली होती आणि दुपारी माल उतरवून गेली होती.