केंब्रिजजवळ रानफुलांचं जंगल सुचवा

पाहुणी_केंब्रिजची: एप्रिलअखेर आईबाबा नाशिकहून येताहेत. आई वनस्पतीशास्त्र शिकवायची. कासला जाऊन आलीये, पण गर्दीला वैतागली. इथे ब्लूबेल्स (घंटेसारखी निळी रानफुलं) कुठे दाखवू? बाबांचे गुडघे दुखतात, चढ नको.

रानभूल: हेली वूडला न्या. सपाट आहे आणि गर्दी जवळपास नसतेच. वर ओक, अ‍ॅश, फील्ड मेपल ही झाडं आणि खाली हेझलची झुडपं. 1251च्या ईलीच्या बिशपांच्या जमीन-नोंदीत हे जंगल आहे, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही आधीचं! जुन्या जंगलांचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी इथे वर्षानुवर्षं अभ्यास केला.

पण ब्लूबेल्स काय, इंग्लंडभर दिसतील. इथे जायचं ते ऑक्सलिपसाठी. ब्रिटनमध्ये हे फूल मुख्यतः केंब्रिजशर, सफक आणि एसेक्सच्या सीमाभागातल्या जुन्या जंगलांतच उगवतं. फिकट पिवळी फुलं, एकाच दांड्यावर, सगळी एका बाजूला माना टाकलेली. चहूकडे तोंडं करून उभी असतील तर तो बहुधा प्रिमरोझ आणि काउस्लिप या ऑक्सलिपच्याच भाईबंदांचा संकर. आईंना ओळखायला मजा येईल. हरणं ऑक्सलिपची फुलं फस्त करतात, म्हणून कुंपण घातलेल्या भागात नीट बघा. हेझल बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू देतात. अशा तोडीनंतर ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि पुढची काही वर्षं फुलं जोरात येतात.

पाहुणी_केंब्रिजची: वा! दोन्ही एकदम मिळतील?

रानभूल: एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शक्यता चांगली. ऑक्सलिप ओसरत असतात, ब्लूबेल्स सुरू होतात. थंडी लांबली तर सगळंच पुढे सरकतं.

चिखलवाट: माती चिकण आहे हो, पाणी धरून ठेवते. वेलिंग्टन बूट (गमबूट) हवेतच, साड्या-चपलांचं काम नाही. रस्त्यापासून शेताच्या कडेने थोडं चालावंही लागतं. बाबांना काठी द्या, आणि टॉयलेट घरीच उरकून निघा.

पाहुणी_केंब्रिजची: आई पिशवीत खुरपं घेऊनच फिरते. एखादा कंद घेतला तर?

रानभूल: अजिबात नको! जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानझाड उपटणं 1981च्या इथल्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शिवाय नाशिकच्या मे महिन्यात ब्लूबेल जगणार कसं? फोटोसाठीही वाट सोडू नका. पानं तुडवली गेली की कंदाला अन्न कमी पडतं, पुढच्या वर्षी फुलं रोडावतात.

पाहुणी_केंब्रिजची: खुरपं जप्त करते. बूट आईच्या मापाचे कुठे स्वस्तात मिळतील?

चिखलवाट: चॅरिटी शॉपमध्ये (दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) बघा, नाहीतर मुलांच्या विभागात. माझ्या आईला तिथलेच बसले.