ऑडिओमेट्री नॉर्मल आली, पण आवाजात मुलाला बोलणं कळत नाही. सीएपीडी असू शकतं का?

बेसावाली_आई
नमस्कार मंडळी. मुलगा 8 वर्षांचा आहे, तिसरीत. घरात शांत असलं की सगळं नीट ऐकतो, रात्री गोष्ट सांगितली की सकाळी जशीच्या तशी परत सांगतो, पण कूलर सुरू झाला की झालं, दर वाक्याला "काय? काय म्हटलं?" सुरू. वर्गात तर बाई सांगून राहिल्या की लक्षच नसतं, डिक्टेशनमध्ये "गाल" म्हटलं तर "काल" लिहितो, दोन सूचना एकदम दिल्या तर दुसरी गायब. ईएनटीला दाखवलं, ऑडिओमेट्री केली, दोन्ही कान नॉर्मल. मग सांगितलं की कानाचं काही नाही, लाड कमी करा. मला हे पटून नाही राहिलं, कारण पोरगा मुद्दाम करत नाही हे मला दिसतं न, तो माझ्या ओठांकडे बघत असतो. कुणीतरी सीएपीडी (सेंट्रल ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, म्हणजे कान ठीक पण मेंदूला आवाजाचा अर्थ लावायला त्रास) म्हणून सांगितलं. हे खरंच असतं का, आणि नागपुरात तपासणीसाठी नेमकं काय विचारायचं?

श्रवण_नागपूर
ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. तुमचं निरीक्षण चांगलं आहे, ते सोडू नका. ऑडिओमेट्रीत आपण काय बघतो, तर बंद शांत खोलीत किती बारीक बीप ऐकू येते. वर्गातलं बोलणं समजणं हे वेगळंच काम आहे. कानातल्या शंखाकृती भागातून (कॉक्लिया) आवाजाचे सिग्नल नसेतून ब्रेनस्टेमला (मेंदूचा खालचा दांड्यासारखा भाग) जातात, तिथून मिडब्रेन, थॅलॅमस आणि मग कानाच्या वरच्या बाजूचा टेम्पोरल लोब, आणि प्रत्येक ठिकाणी त्या आवाजावर काही ना काही काम होतं. उदाहरण द्यायचं तर आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे ब्रेनस्टेम दोन्ही कानांतल्या वेळेच्या फरकावरून ठरवतं, आणि तो फरक जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास असतो! "काल" आणि "गाल" यातला फरकही असाच, ओठ-जीभ सुटणं आणि गळ्याचा आवाज सुरू होणं यातल्या वेळेचा, मिलिसेकंदांतच मोजायचा. कूलरचा घर्रर्र आवाज नेमका अशा बारीक खुणा झाकून टाकतो, स्वर ऐकू येतात पण व्यंजनं बुडतात.

आता तपासणी. आधी टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी टेस्ट) केली का ते बघा. पडद्यामागे पाणी साचलेलं असेल तर ऐकणं कमी-जास्त होत राहतं, आणि एखाद्या दिवशीची ऑडिओमेट्री ठीकही येऊ शकते. मग ओएई (कॉक्लियाचा प्रतिसाद बघणारी टेस्ट) आणि बेरा (नस आणि ब्रेनस्टेमचा प्रतिसाद बघणारी टेस्ट), दोन्ही सोबत करायचे. ओएई चांगलं आणि बेरा बिघडलेला असं आलं तर ऑडिटरी न्यूरोपॅथीचा विचार करावा लागतो, त्यात कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी ठीक असतात पण नसेतून सिग्नल एका तालात जात नाही, आणि आवाजात बोलणं कळायला फार त्रास होतो. जन्माच्या वेळी कावीळ जास्त होती का, एनआयसीयूत ठेवलं होतं का, हे नक्की सांगा तपासणाऱ्याला.

हे सगळं ठीक असेल तर मग सीएपीडीची बॅटरी, म्हणजे टेस्टचा संच: आवाजात शब्द ओळखणं, दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे शब्द, दोन आवाजांमधला बारीक खंड ओळखणं वगैरे. 7 वर्षांच्या आत या टेस्टवर सहसा भरवसा ठेवत नाहीत, तुमचा 8 चा आहे तर चालेल. एक मात्र आवर्जून विचारा, टेस्ट कोणत्या भाषेत आहे. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला इंग्रजी शब्द ऐकवून मार्क कमी आले तर त्यातून काय कळणार? आणि ऑडिओलॉजिस्ट आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड आहे का हेही बघून घ्या.

मेंदूवेडा
वरचं सगळं बरोबर, पण एक बाजू राहिली म्हणून लिहितो. सीएपीडी हा वेगळा आजार मानायचा की नाही यावर संशोधकांचंच एकमत नाही. डेव्हिड मूर यांच्या गटाने ब्रिटनमध्ये 6 ते 11 वयाच्या सुमारे दीड हजार मुलांची तपासणी केली होती, 2010 मध्ये छापून आली. ज्या मुलांना ऐकून समजायला त्रास होत होता, त्यांच्यात शुद्ध आवाज ओळखण्याच्या क्षमतेपेक्षा लक्ष आणि स्मरणशक्ती यांचा संबंध जास्त दिसला. म्हणजे पोरगं ढोंग करते असं बिलकुल नाही, त्रास खराच असतो, फक्त त्याचं मूळ कुठं आहे ते शोधावं लागतं.

आणि लक्ष ही गोष्ट ऐकण्यापासून वेगळी काढताच येत नाही हो. कॅलिफोर्नियात मेसगारानी आणि चँग यांनी एपिलेप्सीच्या पेशंटच्या मेंदूवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून बघितलं, 2012 चं काम. दोन माणसं एकाच वेळी बोलत असताना पेशंटने ज्याच्याकडे लक्ष दिलं त्याचंच बोलणं ऑडिटरी कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा ऐकण्याचा भाग) ठळक उमटत होतं, दुसरा जवळजवळ पुसला जात होता. कानात दोघांचाही आवाज सारखाच येत होता! म्हणून ताई, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) आणि वाचनाची अडचण या दोन्हींची तपासणी सोबतच करून घ्या, नुसता एक शिक्का घेऊन थांबू नका.

धरमपेठ_शिक्षिका
मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे शाळेच्या बाजूने लिहिते. निदान व्हायची वाट बघू नका, वर्गातल्या गोष्टी उद्यापासून बदलता येतात. बाईंना भेटा, भांडायला नको, सोबत मागायला. पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवा पण खिडकी, पंखा आणि कूलरपासून दूर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो, वर्गात भिंतींमुळे थोडा फरक पडतो पण शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत बाईंचा आवाज आणि गलबला एकच होऊन जातो. बाईंचा आवाज गलबल्यापेक्षा 15 डेसिबल वर असावा असं मुलांसाठी सांगतात, आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पंखे फुल्ल, बाहेर रोडचा हॉर्न, सांगा कसं होणार. मी अशा मुलांना सूचना एकेक करून देते, त्याचं नाव घेऊन आधी बघायला लावते, आणि गृहपाठ फळ्यावर लिहितेच. डिक्टेशनचे मार्क कापणं थांबवा म्हणून बाईंना सांगा, त्यात ऐकण्याची परीक्षा होऊन राहिली आहे, स्पेलिंगची नाही.

बेसावाली_आई
खूप धन्यवाद सगळ्यांना, वाचताना डोळ्यात पाणी आलं खरंच. जन्मल्यावर कावीळ होती, बरेच दिवस लाईटखाली ठेवलं होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं आतापर्यंत. बेरा करूनच घेते आता. अजून एक, एका क्लासवाल्यांनी कॉम्प्युटरवरचं ब्रेन ट्रेनिंग पॅकेज सांगितलं, फी बरीच आहे. घ्यावं का? आणि सासरे म्हणून राहिले तबल्याला टाका.

श्रवण_नागपूर
कावीळ सांगितली ते फार बरं झालं, पहिल्याच भेटीत सांगा आणि डिस्चार्ज कार्ड असेल तर सोबत न्या, त्यावर बिलिरुबिनचा (काविळीचं प्रमाण) आकडा असू शकतो.

पॅकेजचे पैसे आत्ता बिलकुल भरू नका. मूळ कारण कळल्याशिवाय कसलं ट्रेनिंग? कॉम्प्युटर गेममध्ये पोरगा त्या गेममध्ये हुशार होतो, वर्गात त्याचा किती उपयोग होतो याचा पुरावा कमजोर आहे. माझ्या मते पैसे घालायचेच असले तर आधी रिमोट माईकमध्ये. बाईंच्या गळ्यात छोटा माईक, पोराच्या कानात रिसीव्हर, आवाज थेट. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राऊस यांच्या लॅबने वाचनाची अडचण असलेल्या मुलांना वर्षभर शाळेत असं उपकरण लावायला दिलं होतं, 2012 मध्ये निकाल आले, ब्रेनस्टेमचा बोलण्याला मिळणारा प्रतिसाद जास्त स्थिर झाला आणि वाचनही सुधारलं. आवाज स्पष्ट मिळत गेला की मेंदू त्यातून शिकतो. बेराचा रिपोर्ट आल्यावर उपकरणाचं ठरवू, न्यूरोपॅथी निघाली तर सगळा रस्ताच बदलतो.

मेंदूवेडा
तबल्याला टाका बिनधास्त, त्याला आवडत असेल तर. त्याच लॅबने लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्तीतल्या मुलांवर काम केलं, दोन वर्षं संगीत शिकल्यावर "बा" आणि "गा" सारख्या आवाजांमधला फरक मेंदू जास्त बारकाईने टिपत होता, एका वर्षात मात्र तसं दिसलं नाही. उपचार म्हणून नको, आनंद म्हणून. फक्त क्लासची खोली घुमणारी नसावी, आणि गुरुजींना आधीच सांगून ठेवा की बोल तोंडाने एकदा आणि हाताने एकदा दाखवा.

बेसावाली_आई
बरं. सोमवारी बेराची वेळ घेते आणि बाईंनाही भेटते. रिपोर्ट आला की इथेच टाकते.