मदत हवी आहे: भीमाशंकरच्या जंगलात आईला आणि लेकीला घेऊन एक दिवस

नमस्कार मंडळी,

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही पाच जण पुण्याहून भीमाशंकरला जातोय. दर्शन सकाळी लवकर उरकून उरलेला अख्खा दिवस जंगलात चालायचा बेत आहे. आई ६६ वर्षांची. रोज तासभर चालते, पण उतारावर तिचा उजवा गुडघा बोलतो. लेक सात वर्षांची आहे आणि तिला काहीही करून शेकरू, म्हणजे ती मोठी रानखार, बघायचंय.

मी कॉलेजात असताना पायथ्याच्या खांडस गावाहून गणेश घाटाच्या वाटेने वर आलो होतो. तिथलाच शिड्यांवरून चढणारा शिडी घाट आई आणि लेकीसोबत शक्यच नाही, तो विषय सोडूनच दिलाय. त्या वेळी वरच्या रानात डोक्यावर पानं सळसळली म्हणून थांबलो, तर एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेलं. तांबूस पाठ, मागे लांबलचक झुपकेदार शेपूट. ते लेकीला दाखवायचंय हो, फार मनापासून.

आता विचारायचं ते असं. जंगलातल्या गुप्त भीमाशंकर या ठिकाणाची वाट पावसानंतर किती निसरडी असते? दगडांवर शेवाळ असेल तर आईला काठीच्या आधाराने जमेल का? की तिला तिथे न नेता नागफणीच्या टोकाकडे जाणं बरं? तिकडे शेवटचा चढ कितपत अंगावर येतो? शेकरू दिसायला सकाळची वेळ बरी की दुपारनंतरची? आणि वाट दाखवायला गावातलं कुणी सोबत मिळतं का?

अलीकडे घरच्यांना घेऊन गेलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.