‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ : नांगी की पराणी?

प्रश्न : परवा एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या वडिलांच्या दफनविधीला गेलो होतो. पाळकांनी वाचलं, ‘अरे मरणा, तुझा विजय कोठे? अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ तेव्हापासून डोक्यात घोळतंय. नांगी तर विंचवाची. मग मरण विंचू का? आणि ‘मरण’ नपुंसकलिंगी, त्याला ‘अरे’ कसं?

प्रतिसाद १ : वाक्य पौलाचं, म्हणजे येशूच्या प्रेषिताचं, बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं (अध्याय १५). मूळ ग्रीक शब्द ‘केंट्रॉन’. टोचणारं टोक. विंचवाची नांगी तीच, आणि बैलाला टोचायची पराणीही तीच. बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पौलालाच ‘पराणीवर लाथा झाडणं तुला जड जाईल’ अशा अर्थाचं ऐकवलंय, तिथे हाच शब्द आहे. गंमत म्हणजे आपलं ‘केंद्र’ही यातूनच आलं, ग्रीक ज्योतिषाबरोबर संस्कृतात शिरलेलं. कंपासचं टोक रुततं ते केंद्र!

पौल इथे जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं वचन त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या वळणाने देतो. हिब्रूत त्या जागी नांगीही नाही आणि पराणीही नाही, रोगराई-संहार अशा अर्थाचा शब्द आहे. नांगी ही भाषांतराची देणगी.

पराणी धरली तर मरण हाकणारा होतो, आपण बैल. रोमकरांच्या पत्रात ‘आदामापासून मोशेपर्यंत मरणाने राज्य केले’ असं आहेच, त्याच्याशी हे जुळतं. तरी माझं मत नांगीला. ‘नांगी टाकणे’ मराठीत ज्याला कळतं त्याला पौलाचा टोमणा फोड न करता कळतो.

प्रतिसाद २ : ‘अरे’बद्दल. ग्रीक ‘थानाटोस’ पुल्लिंगी आहे. सिरियाकमध्येही (पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची भाषा) मरण (‘मौता’) पुल्लिंगी, आणि मृतांचा लोक ‘शिओल’ स्त्रीलिंगी. चौथ्या शतकात निसिबिस गावच्या एफ्रेम या सिरियाक कवीने मरण आणि सैतान यांचं भांडणच गीतांत घातलं : माणसांवर जास्त जोर कोणाचा? आळीपाळीने एकेक कडवं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा झगडा ऐकलेल्याला ते परकं वाटणार नाही. मराठीत म्हणाल तर मनही नपुंसकलिंगीच, पण समर्थांनी त्याला ‘सज्जना’ म्हणून हाक मारलीच ना?

प्रश्नकर्ता : म्हणजे यमच की!

प्रतिसाद १ : नाही हो. यम नेमलेला आहे, धर्मराज. हिशेब बघतो, वेळ झाली की नेतो, नचिकेत दारात उपाशी राहिला तर ओशाळून वरही देतो. पौलाचं मरण हा शत्रू, नष्ट व्हायचा ‘शेवटचा शत्रू’. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तो घोड्यावर येतो, मागोमाग अधोलोक. मराठीत घोडा ‘फिकट’ आहे. ग्रीक ‘क्लोरोस’ म्हणजे हिरवट. मार्कच्या शुभवर्तमानात कोवळ्या गवताला हाच शब्द आहे. गवतावर तो शोभतो, घोड्यावर मात्र प्रेताची कळा आणतो. शेवटी (अध्याय २०) मरण आणि अधोलोक दोघेही अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. यमाला कोणी असं टाकल्याचं ऐकलंय?

प्रतिसाद ३ : जोडून विचारतो. इफिसकरांच्या पत्रात आपलं झगडणं ‘सत्ताधीशांबरोबर, अधिकाऱ्यांबरोबर’ आहे असं येतं. वाचताना मला तहसील कचेरीच आठवते.

प्रतिसाद २ : आठवू द्या, चूक नाही. तिथले मूळ ग्रीक ‘आर्खाय’ (सत्ताधीश) आणि ‘एक्सूसियाय’ (अधिकारी) हे सरकारदरबारचेच शब्द. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १२) शिष्यांना ज्यांच्यापुढे उभं करतील त्या हाडामांसाच्या अधिकाऱ्यांना हेच दोन शब्द आहेत. इफिसकरांत मात्र आधीच ‘रक्तमांसाबरोबर नव्हे’ म्हणून बजावलंय. काहींना तिथे भाषांतरात ‘दुष्ट शक्ती’ हवं असतं. मला ते मिळमिळीत वाटतं. शक्ती विजेचीही असते. अधिकारी म्हटलं की समोर कोणीतरी बसलेला दिसतो.