जैसलमेरमध्ये हवाई दलाच्या तळाजवळ घर घ्यावे का, आणि पाहुण्यांना काय दाखवावे?

नाशिकरोडकर

नमस्कार. माझ्या यजमानांची बदली जैसलमेरजवळच्या एका सौर प्रकल्पावर झाली असून, ऑक्टोबरपासून आम्ही दोघे आणि आमची दुसरीत शिकणारी मुलगी तिथे राहायला जाणार आहोत. घरभाडे कंपनी देणार आहे, पण घर आम्हालाच शोधायचे आहे. दलालाने दाखवलेल्या दोन घरांपैकी एक हवाई दलाच्या तळाच्या बाजूला आहे. ते नवे आहे आणि त्याचे भाडेही बरेच कमी आहे. दुसरे गावात, किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या पिवळ्या दगडाचे आहे.

मी देवळालीजवळ वाढले, त्यामुळे तोफखान्याच्या सरावाचे आवाज मला नवीन नाहीत. पण २०२५ च्या मे महिन्यातील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या बातम्या सासूबाईंनी इतक्या मन लावून पाहिल्या आहेत की, जैसलमेर म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सरहद्द उभी राहते. तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे की लष्कराच्या इतक्या जवळ राहण्याचा रोजच्या जगण्यावर नेमका काय परिणाम होतो, आणि दोन्हींपैकी कोणते घर घ्यावे. डिसेंबरमध्ये सासू-सासरे येणार आहेत. सासरे बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना १९७१ च्या लढाईचे लोंगेवाला पाहायचेच आहे.

पवनचक्कीवाला

ताई, मी गेली नऊ वर्षे जैसलमेरमध्ये पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कोणतेही घर घेण्याआधी घरमालकाला सरहद्दीबद्दल काही विचारू नका. जमिनीखालची पाण्याची टाकी किती लिटरची आहे, ते विचारा. शहराला इंदिरा गांधी कालव्याचे पाणी मिळते. तो कालवा पंजाबातील हरिके बंधाऱ्यापासून निघून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापत वाळवंटात येतो आणि आपण असतो त्याच्या शेपटाशी. नळाला पाणी रोज येईलच असे नाही. त्यात उन्हाळ्याच्या तोंडी दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, ज्याला इकडे ‘नहरबंदी’ म्हणतात, आणि त्या दिवसांत दोन शेजारी भेटले की पहिला प्रश्न प्रकृतीचा नसून टँकरचा असतो. माझ्या पहिल्या घराची टाकी तीन हजार लिटरची होती. घरमालकाने ती भरपूर असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते. त्या एप्रिलमध्ये मी रात्री अकरा वाजता बादली घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभा होतो. आता माझ्याकडे बारा हजार लिटरची टाकी आहे आणि तिच्या झाकणाला कुलूप आहे. कुलूप पाहून सुरुवातीला मला हसू आले होते.

दुसरा प्रश्न दवाखान्याचा. साध्या आजारपणाची सोय गावात होते, पण विशेष तपासण्या किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तर जोधपूर गाठावे लागते आणि ते पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर लांब आहे. सासऱ्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर सगळी औषधे नाशिकहून पुरेशी घेऊन यावीत.

आता मे २०२५ बद्दल, कारण सासूबाईंना खरे उत्तर मिळायला हवे. मी त्या दिवसांत इथेच होतो. ८ तारखेच्या संध्याकाळी दिवे गेले, भोंगा वाजला आणि आकाशात ड्रोन पाडले जात असल्याचे आवाज आम्ही घरातून ऐकले. शाळा बंद झाल्या, विमानतळ बंद झाला, गाड्यांची वेळापत्रके कोलमडली. आम्ही खिडक्यांना जाड कांबळी लावली आणि फ्रिजच्या आतल्या दिव्यावरसुद्धा चिकटपट्टी डकवली, कारण मुलगा सारखा दार उघडत होता. १० तारखेला शस्त्रसंधी झाली आणि बाजार लवकरच पूर्ववत झाला. भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. पण नऊ वर्षांत अशा रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पाण्यासाठी जागलेल्या रात्री मी मोजायच्या सोडल्या आहेत.

विमानांचा आवाज मात्र खरा आहे. सराव सुरू असला की मांडणीवरची स्टीलची भांडी किणकिणतात आणि फोनवर बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून विमान जाण्याची वाट पाहतो. धोका अगदीच शून्य नाही, हेही सांगायला हवे. १२ मार्च २०२४ रोजी सरावादरम्यान एक तेजस विमान शहराच्या वस्तीतच, विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाजवळ कोसळले. वैमानिक सुखरूप बाहेर पडला आणि जमिनीवर कोणी दगावले नाही. ते तळाच्या कुंपणाशी पडले नव्हते. त्यामुळे तळापासून दूरचे घर म्हणजे सुरक्षित घर, हा हिशेब तितकासा बरोबर नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दगडी घर घेतले असते. जाड भिंतींमुळे मे-जूनमध्ये, बाहेर पारा ४५ च्या वर गेला तरी, खालच्या खोलीत दुपारी झोप लागते. नव्या घरांच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी दोन वाजता हात घालण्याच्या लायकीचे राहत नाही.

छावणीतली मावशी

माझे यजमान सैन्यातून निवृत्त झाले. त्यांच्या नोकरीत आम्ही तीन वर्षे जैसलमेरला काढली, त्यांतले पहिले वर्ष क्वार्टर न मिळाल्यामुळे बाहेर भाड्याने. पवनचक्कीवाल्यांनी पाण्याबद्दल लिहिले आहे त्यातील अक्षर न अक्षर खरे आहे. आमच्या ओळखीच्या चार मराठी कुटुंबांनी मिळून दीड दिवसाचा शाडूचा गणपती बसवला होता. त्याचे विसर्जन बादलीत केले आणि ते पाणी कडुनिंबाच्या रोपाला घातले. तिथे ते कोणालाच वावगे वाटले नाही.

नव्या घराचे भाडे कमी का आहे, हे मात्र नीट विचारा. लष्करी तळाभोवतीच्या बांधकामांवर कायद्याने बंधने असतात, त्यामुळे घराला रीतसर परवानगी आहे याची कागदोपत्री खात्री करून घ्या. घर कोणतेही घेतले तरी पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद करून घ्या. सरहद्दीच्या जिल्ह्यात नव्या माणसाची चौकशी होते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नसते आणि कागद तयार असले की पाच मिनिटांत काम होते.

लष्कर शेजारी असणे म्हणजे दिवसभर बंदुका दिसणे नव्हे. घरात काही सवयी लागतात, एवढेच. तळाची भिंत, रडार, रेल्वेतून जाणारे रणगाडे, रस्त्यावरचा वाहनांचा ताफा यांचे फोटो काढायचे नाहीत आणि कोणी पाठवलेच तर पुढे पाठवायचे नाहीत. कोणत्या वेळी किती विमाने उडाली, हे नातेवाइकांच्या गटावर लिहायचे नाही. अनोळखी माणसाने फोनवरून किंवा समाजमाध्यमावरून गोड बोलून, तुमचे यजमान कुठे काम करतात, शेजारी कोण राहतात, असे विचारले तर संभाषण तिथेच थांबवायचे. हेरगिरीच्या आरोपावरून त्या जिल्ह्यात अटका झालेल्या आहेत आणि सुरुवात बहुधा अशाच साध्या प्रश्नांनी होते. दुसरीतल्या मुलीला हे समजावून सांगणे अवघड वाटेल, पण मुले लवकर शिकतात. आमच्या मुलाला सहाव्या वर्षी आवाजावरून हेलिकॉप्टर आणि लढाऊ विमान ओळखता येत असे आणि ते बाहेर सांगायचे नसते, हेही त्याला कळत असे.

एक इशारा देऊन ठेवते. पोखरणच्या बाजूला फिरताना वाळूत धातूचा कोणताही तुकडा दिसला तर त्याला हात लावू नये, लहान मुलांना तर मुळीच लावू देऊ नये. गोळीबार क्षेत्राच्या आसपासच्या गावांत न फुटलेले गोळे भंगार म्हणून उचलताना माणसे दगावली आहेत.

फिरस्ता पुणेकर

मी जैसलमेरला पाच वेळा गेलो आहे, दोनदा वयस्कर आई-वडिलांना घेऊन, तेव्हा पाहुण्यांबद्दलच लिहितो. हिवाळ्यात विमानसेवा असते, पण तो विमानतळ हवाई दलाच्या धावपट्टीवरच आहे, म्हणून उतरताना फोन खिशात ठेवावा. पुणेकरांना लोहगावमुळे हे सांगावे लागत नाही. ड्रोन असेल तर तो घरीच ठेवून यावा.

सासऱ्यांसाठी लोंगेवाला आणि तनोट एकाच दिवसात करता येते. सकाळी सातला निघून रामगडमार्गे आधी तनोट आणि परतताना लोंगेवाला, असा फेरा घ्या. जानेवारीत तिकडे सूर्यच साडेसातच्या पुढे उगवतो, त्यामुळे सात म्हणजे अंधार आणि कडाक्याची थंडी, कानटोपी लागते. इंधन रामगडलाच भरून घ्यावे, कारण पुढे सोय तुरळक आणि मोबाइलला रेंजही बेभरवशाची. भारतीय नागरिकांना तनोटपर्यंत जाण्यास अडचण येत नाही, फक्त मूळ ओळखपत्र जवळ हवे. त्यापुढे प्रत्यक्ष सीमेकडे जायचे तर सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. कधीकधी सीमेलगतच्या पट्ट्यात रात्री फिरण्यावर जिल्हाधिकारी बंदी घालतात, म्हणून अंधार पडण्याआधी परत फिरावे.

तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाचे जवानच पाहतात. १९६५ च्या युद्धात तिथे पडलेले, पण न फुटलेले गोळे गाभाऱ्याबाहेर काचेच्या कपाटात ठेवलेले आहेत आणि त्यांच्यापेक्षा मला लक्षात राहिले ते नवसाचे हातरुमाल. हजारोंच्या संख्येने बांधलेले, त्यांतले कित्येक साधे, चौकटीचे, ऑफिसला नेतात तसले.

लोंगेवाल्याला सासऱ्यांना रणगाड्यांपेक्षा जमीन पाहायला सांगा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या तेविसाव्या पंजाब बटालियनच्या एका कंपनीने, म्हणजे सुमारे शंभर-सव्वाशे जवानांनी, रणगाड्यांसह आलेला पाकिस्तानी हल्ला रात्रभर रोखून धरला. मदतीला विमाने होती, पण ती जैसलमेरची हंटर विमाने, आणि त्यांना रात्री लढण्याची सोय नव्हती. त्यामुळे पहाट होईपर्यंत टिकून राहणे हेच सारे काही होते. उजाडल्यावर विमाने आली तेव्हा वाळूत अडकलेले रणगाडे उघड्यावर सापडले. त्या चौकीवर उभे राहून चहूकडे पाहिले की लपायला झाडही नाही हे दिसते, आणि ज्या तळाच्या आवाजाने तुमची भांडी वाजणार आहेत तो तळ तिथे का आहे, हेही कळते. इतका प्रवास झेपणार नसेल तर जोधपूर रस्त्यावरचे युद्ध संग्रहालय शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरच आहे.

किल्ल्याबद्दल पवनचक्कीवाल्यांशी थोडा वाद घालतो. दगडी घर पायथ्याशी आहे तोवर ठीक, पण पाहुण्यांना किल्ल्यावरच्या हॉटेलात उतरवू नका. ११५६ साली रावळ जैसल यांनी बांधायला घेतलेला हा किल्ला अजून नांदता आहे, पण तो मोजक्या पाण्यावर जगणाऱ्या वस्तीसाठी होता. नळ आणि न्हाणीघरे वाढली, सांडपाणी पायातल्या मातीत मुरू लागले आणि बुरूज खचू लागले. २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग ढासळला. शिवाय अखैपोळीपासून चार दरवाजांतून जाणारी चढण गुळगुळीत दगडांची आहे. बहात्तराव्या वर्षी ती एकदा चढावी, रोज नव्हे.

पवनचक्कीवाला

पुणेकरांचे म्हणणे मान्य. त्यात इतकीच भर घालतो की, समच्या वाळूच्या टेकड्यांवर हंगामात ध्वनिवर्धकांचा गोंगाट फार असतो. शांत वाळू हवी असेल तर खुरीला जावे.

माळावरचा सोलापूरकर

विषयाला धरूनच, पण वेगळ्या बाजूने लिहितो. आमच्या नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसण्याची आशा आता जवळजवळ संपली आहे. जैसलमेर जिल्ह्यात तो अजून आहे आणि तिकडे त्याला गोडावण म्हणतात. त्याच्या मोजक्या उरलेल्या जागांपैकी एक म्हणजे पोखरणचे लष्करी गोळीबार क्षेत्र. तोफांचे गोळे पडतात तिथे हा लाजाळू पक्षी टिकला, कारण कुंपणाच्या आत नांगर, गुरे आणि विजेच्या तारा कमी. बाहेर मात्र उडता उडता तारांवर आपटून तो मरतो. ताईंचे यजमान सौर प्रकल्पावर आणि दुसरे दादा पवनचक्क्यांवर, म्हणून मुद्दाम लिहिले; राग नसावा. माळढोक पाहायला समजवळच्या सुदासरीला मुलीला घेऊन एकदा जरूर जा, पण दुर्बीण कुठे रोखायची याचा नियम मावशींनी सांगितला तोच.

नाशिकरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. दलालाला फोन केला. नव्या घराच्या परवानगीचे कागद मागितल्यावर, ते “प्रोसेसमध्ये” असल्याचे उत्तर मिळाले, त्यामुळे तो विषय संपला. दगडी घराची टाकी आठ हजार लिटरची आहे. तिघांना पुरेल का? सासूबाईंना मी तुमची उत्तरे वाचून दाखवली. सरहद्दीबद्दल त्या आता काही बोलत नाहीत, पण डिसेंबरात अंघोळ रोज करता येईल की नाही, हे विचारायला सांगितले आहे.

पवनचक्कीवाला

तिघांना पुरेल, पाहुणे आले की एक टँकर जादा सांगून ठेवा. आणि हो, अंघोळ रोज करता येईल, पण थंडी पाहिल्यावर त्या स्वतःच करणार नाहीत.