मदत हवी आहे: प्रॅक्टिस चालू ठेवून कुत्र्यामांजरांचं मेडिसिन नीट कसं शिकायचं? (इंदूर)

राजेंद्रनगरवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी व्हेट आहे. महूच्या कॉलेजमधून बी.व्ही.एस्सी. केलं, नंतर दोन वर्षं एका सीनिअर सरांकडे हात साफ केला आणि गेली सात वर्षं इंदूरात स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. रोज वीस-पंचवीस केसेस होतात. लसीकरण, स्किन, स्पे (मादीची नसबंदी), पावसाळ्यात गोचीड ताप, एवढ्यात दिवस संपतो. सर्जरीला माझा हात बरा आहे असं लोक म्हणतात. अडतं ते मेडिसिनमध्ये, म्हणजे जिथे बाहेरून काही दिसत नाही आणि डोक्यानेच शोधायचं असतं तिथे.

आता खरं कारण सांगते. माझ्याकडे चार वर्षांची एक लॅब्रेडॉर यायची, चेरी म्हणू तिला. दर दोन-तीन महिन्यांनी उलट्या, खाणं बंद, गळून गेलेली. मी सलाईन लावायचे, सोबत डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइड), दुसऱ्या दिवशी ही शेपूट हलवत उभी! मला वाटायचं गॅस्ट्रो आहे, घरचे सराफ्याच्या खाऊगल्लीतलं काहीबाही खाऊ घालत असणार (घालतही होते, गराडू म्हणजे तळलेला कंद सुद्धा). चौथ्या वेळी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ३.१ म्हणजे बरंच जास्त आलं आणि मी सरळ सांगून मोकळी झाले की किडन्या जातायत, मनाची तयारी ठेवा. त्या घरातली आजी माझ्यासमोर रडली हो.

ते लोक तिला नातेवाइकांकडे मुंबईला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार) केले. सोडियम १२८ म्हणजे कमी, पोटॅशियम ७.१ म्हणजे फार जास्त. मग एसीटीएच टेस्ट (ॲड्रिनल ग्रंथी डिवचल्यावर कॉर्टिसोल बनवते का बघायची), आणि निदान ॲडिसन्स. म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच काम करत नव्हती, आणि मी दर वेळी नकळत त्याचेच उपचार करत होते, सलाईन आणि स्टिरॉइड, म्हणून ती उठून बसायची! सात वर्षांत मी एकदाही कुत्र्याचं पोटॅशियम मागवलेलं नाही, हे लिहिताना सुद्धा लाज वाटतेय.

चेरी आता मजेत आहे, फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या माणसांच्या मेडिकलमधून येतात. मालक परत आले तेव्हा मला वाटलं आता भांडणार, तर ते म्हणाले "मॅडम, अब आगे से आप ही देखना इसको." भांडले असते तर बरं वाटलं असतं.

तर प्रश्न असा की आता काय करू? एम.व्ही.एस्सी. मेडिसिन (आमची पीजी डिग्री) करावं तर दोन वर्षं पूर्ण वेळ, क्लिनिक बंद, डिजिटल एक्स-रेचं कर्ज अजून तीन वर्षं आहे, मुलगा दुसरीत. ऑनलाईन सर्टिफिकेट असतात त्यांना काही अर्थ आहे का नुसतं भिंतीवर लावायला? आणि एक मैत्रीण म्हणते परदेशात रेसिडेन्सी (स्पेशालिस्ट व्हायचं प्रशिक्षण) कर, वय चौतीस आहे माझं, हे वेडेपण आहे ना? नवरा म्हणतो तू ठरव, म्हणजे नंतर ऐकवायला मोकळा.

टॉमीचा_बाबा

ताई मी डॉक्टर नाही, टॉमीचा बाबा आहे फक्त. मला आजवर वाटायचं प्राण्यांचा डॉक्टर म्हणजे गायीपासून पोपटापर्यंत सगळं एकच. तुमच्यातही एमडी मेडिसिन वगैरे असतं होय? आणि स्वतःची चूक अशी उघड लिहिणारे डॉक्टर कमी. तुमचं क्लिनिक कुठे आहे ते व्यनि करा, टॉमीला आणतो.

परळपंथी

मी एम.व्ही.एस्सी. मेडिसिन केलंय म्हणून लिहितो. आधी एक गैरसमज काढून टाका, आपल्याकडची एम.व्ही.एस्सी. मेडिसिन ही स्मॉल ॲनिमल मेडिसिन नव्हे, डिग्रीत गाय-म्हैस-घोडा-शेळी सगळं येतं आणि थिसिसचा विषय गाईडवर अवलंबून. तुम्हाला कुत्र्यांचं हृदय शिकायचंय आणि वाट्याला म्हशींचा किटोसिस (दुभत्या जनावरांचा चयापचयाचा आजार) आला असं सर्रास होतं. किटोसिस वाईट विषय नाही पण तुमच्या राजेंद्र नगरात म्हैस कोण आणणार.

ॲडमिशन दोन वाटांनी, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) अखिल भारतीय पीजी परीक्षा नाहीतर राज्याच्या विद्यापीठाची. घ्यायचीच असेल तर जिथे कुत्र्यामांजरांची गर्दी आहे तिथेच घ्या, नाव बघून नको. मुंबईचं परळचं कॉलेज १८८६ सालचं, बैलघोड्यांच्या जमान्यातलं, पण आवारातच बाई साकरबाईंचं हॉस्पिटल आहे त्यामुळे शहरातली केस बघायला मिळते. चेन्नईचं मद्रास व्हेटरनरी कॉलेज (१९०३) आणि लुधियाना, इथेही स्मॉल ॲनिमलचं काम मोठं आहे. डिग्रीचा फायदा सरकारी नोकरी, शिकवणं आणि पुढे पीएचडी. तुम्हाला यातलं काही नकोय असं दिसतंय. मग दोन वर्षं क्लिनिक बंद करणं मला तरी पटत नाही. माझी स्वतःची थिसिस गिऱ्हाइकाला कधी दाखवावी लागलेली नाही.

लांबपल्ला

परदेशाबद्दल मी सांगते कारण मी त्यातून जातेय. चौतीस म्हणजे वेडेपण नाही पण हिशेब आधी ऐका. अमेरिकेत आधी एक वर्ष रोटेटिंग इंटर्नशिप, बऱ्याच जणांना त्यावर अजून एक स्पेशालिटी इंटर्नशिप, मग तीन वर्षं रेसिडेन्सी, तीही मॅचिंगमधून (उमेदवार आणि जागा जुळवायची पद्धत) मिळाली तर. त्यात एसीव्हीआयएमच्या (तिथल्या मेडिसिन स्पेशालिस्टांची संस्था) दोन परीक्षा, एक जनरल आणि एक तुमच्या विषयाची, तेव्हा कुठे डिप्लोमेट, म्हणजे मान्यताप्राप्त स्पेशालिस्ट. युरोपात तशाच संस्थेचं, ईसीव्हीआयएमचंही साधारण तसंच, डिप्लोमेटच्या हाताखाली रेसिडेन्सी. आणि हे सगळं स्पेशलायझेशनचं झालं. तिकडे प्रॅक्टिसचं लायसन्स पाहिजे तर आपल्या डिग्रीवर ईसीएफव्हीजीच्या (परदेशी डिग्री तपासून मान्य करणारी तिथली योजना) चार पायऱ्या, कागदपत्रं, इंग्रजी, मग थिअरी, शेवटी हाताने करून दाखवायची प्रॅक्टिकल परीक्षा ज्यात भूल, सर्जरी, घोडा, गाय सगळं येतं, वर नॅव्हली ही लायसन्सची परीक्षा वेगळी. पैसे लागतात ते लाखात मोजा. इंटर्नचा पगार ऐकलात तर इंदूरचं क्लिनिक सोन्याची खाण वाटेल.

पण एक सांगू? रेसिडेन्सीत जादू काही नसते. रोज सकाळी राउंड असतो आणि तुमच्यापेक्षा जास्त कळणारं माणूस विचारतं "प्रॉब्लेम लिस्ट काय? हे कशावरून म्हणतेस? दुसरं काय असू शकेल?" तीन वर्षं रोज कोणीतरी असं टोकत असतं. कोर्स विकत मिळतात, हे टोकणं मिळत नाही. ते तुम्हाला तिथे कसं मिळेल ते शोधा.

महूकर

अगं पोरी, तू महूची म्हणजे आमचीच. मी तिथला जुना विद्यार्थी, आता रिटायर, ग्वाल्हेरला असतो. आमच्या वेळी कुत्रा हा विषय परीक्षेपुरता होता, गुरंढोरं हेच काम, त्यामुळे तुला शिकवणाऱ्यांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं, फार मनाला लावून घेऊ नकोस.

फक्त एक विचारतो. त्या चेरीचा हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) तू केला होतास ना? लिम्फोसाइट्स, म्हणजे पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, किती होते बघ. इतका आजारी कुत्रा म्हटलं की अंगात कॉर्टिसोल (ॲड्रिनलचं ताणाचं हार्मोन) चढतं आणि लिम्फोसाइट, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खाली येतात. ते छान नॉर्मल दिसत असतील तर तिथेच शंका यायला हवी होती की कॉर्टिसोल गेलं कुठे. आणि नाडी? शॉकमधल्या कुत्र्याची नाडी धावायला पाहिजे, पोटॅशियम चढलं की ती उलट मंद होते. याला कुठलं मशीन लागत नाही, स्टेथो आणि घड्याळ.

जाता जाता, आपली आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) आता बरेलीजवळ इज्जतनगरला आहे पण ती सुरू झाली १८८९ साली पुण्यात, हे पुणेकरांना सुद्धा सांगावं लागतं.

राजेंद्रनगरवाली

सर, आत्ता जुनी फाईल काढली. लिम्फोसाइट्स २८ टक्के, इओसिनोफिल्स ६. नाडी ७२ लिहिलीय माझ्याच अक्षरात, खाली "स्टेबल" असा शेरा. काय बोलू. 🙏

टॉमीचे बाबा, व्यनि केलाय. गराडू देऊ नका त्याला.

सयाजीगंज

बडोद्याहून लिहितोय, माझी परिस्थिती डिट्टो तुमचीच होती, फक्त माझा ॲडिसन्स नव्हता, डायबेटिसची मांजर होती आणि ती वाचली नाही. मी प्रॅक्टिस सांभाळून मेडिसिनचं जीपी (जनरल प्रॅक्टिस) सर्टिफिकेट केलं, आयएसव्हीपीएस या आंतरराष्ट्रीय संस्थेचं. भिंतीवर लावण्यापुरतं नाहीये ते, मोड्यूल्स असतात, स्वतःच्या केसेस लिहून द्याव्या लागतात आणि परीक्षा होते. पण हे केलं म्हणजे स्पेशालिस्ट नाही झालात, बोर्डवर तसं लिहू नका, जनरल प्रॅक्टिस जरा जास्त डोळस झाली एवढंच समजा. मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो केस लिहिण्याचा. लिहायला बसलं की कळतं आपण काय काय विचारलंच नव्हतं मालकाला.

पैसे भरायच्या आधी फुकटातलं संपवा. एसीव्हीआयएमची कन्सेन्सस स्टेटमेंट्स (तज्ज्ञांच्या एकमताच्या शिफारशी) त्यांच्या जर्नलमध्ये सगळ्यांना खुली आहेत, किडनीसाठी आयरिस या तज्ज्ञांच्या गटाचं स्टेजिंग (आजाराच्या पायऱ्या) खुलं आहे. आयरिसमध्ये क्रिएटिनिन २.९ ते ५ म्हणजे स्टेज तीन हे आपण पाठ करतो, पण ते स्टेजिंग स्थिर असलेल्या, पाणी भरून काढलेल्या पेशंटचं असतं, सुकलेल्या कुत्र्याचं नाही. तुमची ३.१ वाली गडबड तिथेच झाली.

इलेक्ट्रोलाइट्ससाठी लगेच मशीन घेऊ नका. माणसांच्या लॅबला सोडियम-पोटॅशियम नीट करून मिळतं. फक्त रक्त आधी साध्या ट्यूबमध्ये भरा आणि मग जांभळ्यात (त्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं), उलट केलंत आणि ईडीटीएचा अंश गेला की पोटॅशियम खोटं चढतं, मी एकदा असाच घाबरून रात्रभर जागलोय. सोडियम भागिले पोटॅशियम २७ च्या खाली आलं तर शंका घ्या, निदान नाही, कारण व्हिपवर्म या आतड्यातल्या जंताने सुद्धा तसं होतं, शी तपासा. नुसतं बेसल कॉर्टिसोल २ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ॲडिसन्स जवळजवळ बाद. कमी आलं तरच एसीटीएचच्या मागे लागा. आणि त्याआधी प्रेडनिसोलोन दिलं असेल तर ते कॉर्टिसोलच्या टेस्टमध्ये मिसळून दिसतं, डेक्सा तसं मिसळत नाही. पण स्टिरॉइड कुठलंही असो, तुम्ही दर वेळी आधीच देऊन टाकत होतात हा मुद्दा राहतोच.

वर लांबपल्ला ताईंनी टोकणारं माणूस म्हटलंय ते शंभर टक्के. आम्ही पाच जण रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर बसतो, बडोद्याचे तीन, आणंदला कॉलेजात असलेले एक आणि सुरतच्या एक मॅडम. प्रत्येकाने आठवड्यातली फसलेली केस आणायची, जमलेली आणली की तिला वेळ नाही. येणार असाल तर जागा आहे.

परळपंथी

या ग्रुपमध्ये मला पण घ्या राव, दोन वर्षं डिग्री केली तरी फसलेल्या केसेस भरपूर आहेत.

राजेंद्रनगरवाली

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री घरी सगळं वाचून दाखवलं. एम.व्ही.एस्सी. आणि परदेश दोन्ही सध्या बाद. सर्टिफिकेटचं पुढच्या वर्षी, कर्जाचा एक हप्ता सरळ झाला की. आजपासून उलटीच्या प्रत्येक केसला सोडियम-पोटॅशियम जातंय, कंपाउंडरने विचारलं मॅडम आज सगळ्यांना किडनी झाली का. महूकर सर, नाडी मोजताना आता तुमचा आवाज ऐकू येतो.

सयाजीगंज दादा, रविवारी नक्की येते. पहिली केस चेरीचीच आणू का, का ती आता जुनी झाली?

सयाजीगंज

चेरीची नको, ती तुम्हाला पाठ झालीय. गेल्या महिन्यातल्या फायली काढा आणि ज्यावर "स्टेबल" लिहिलंय त्यातली एक घेऊन या. साडेनऊला.